टिकली आणि बी-सात

३ ऑगस्ट, रविवार

टिकली मेली. मी मारली.

लिहिलं एकदाचं! आता ही वही कुणाच्या हाती लागली तर संपलंच सगळं. जुन्या ॲटलासचं कव्हर घातलंय. आमच्या घरात ॲटलास कोण उघडतंय!

नीट पहिल्यापासून लिहिते. शाळेत जूनपासून खाऊचं मशीन बसवलंय. ओळखपत्र टेकवायचं, बटण दाबायचं, पाकीट धप्पकन खाली. आम्ही जैन, आमच्याकडं चातुर्मासात बाहेरचं बंद, आणि बटाट्याचे वेफर्स तर बारा महिने बंद. आई दप्तर तपासते. म्हणून मी माझा माल गोठ्यात ठेवते, पेंडीच्या पोत्यामागं. शुक्रवारी बी-सात दाबलं – बिनसाखरेच्या पुदिन्याच्या गोळ्या. पालकसभेत दातांवरून आरडाओरडा झाला म्हणून शाळेनं मुद्दाम ठेवलेल्या! काल संध्याकाळी बघते तर डबी चावलेली, आत एकही गोळी नाही. आणि टिकली अंगणात झुलत चाललेली, दारू प्यायल्यासारखी. मला हसू आलं. खरंच हसले मी.

मग ती आडवी झाली आणि पाय झाडायला लागली. जनावरांच्या डॉक्टर, डॉ. पल्लवी आल्या, सलाईन लावलं, सकाळपर्यंत इथंच होत्या. सात वाजता टिकली गेली. "काहीतरी विषारी गेलंय पोटात," म्हणाल्या. मी दाराआड. डबी तोवर बंबात जळाली होती. आज्जांनी विचारलं, "कसला वास गं ह्यो?" म्हटलं, पेनाचं टोपण पडलं.

आईच्या फोनवर शोधून बघितलं. त्या गोळ्यांतला गोडवा माणसाला काही करत नाही. कुत्र्याला करतो.

४ ऑगस्ट, सोमवार

टिकलीचा कान फ्रिजमध्ये आहे.

आख्खा नाही, टोकाचा तुकडा. बंगळुरूच्या अतिशयकाकांचा काल फोन आला – पुरायची घाई करू नका, परदेशात आता तुकड्यापासून तसंच्या तसं कुत्रं करून देतात. अण्णा आधी रडत होते, मग एकदम उठून बसले. डॉ. पल्लवींनी तुकडा कापला, ओल्या कापडात गुंडाळला आणि स्टीलच्या डब्यात घातला. बर्फाच्या कप्प्यात नको, खाली ठेवा म्हणाल्या.

आमच्या फ्रिजमध्ये! जिथं कांदासुद्धा कधी गेला नाही! आईनं दूध-दही-लोणी सगळं बाहेर काढलं. आता आत फक्त तो डबा आणि दिवा. मी पाण्यासाठी उघडला चुकून. दिवा लागला, डबा चमकला, मी पाणी न पिताच पळाले.

४ ऑगस्टच, संध्याकाळी

याहून वाईट काही होणार नाही असं वाटलं होतं.

शेजारच्या रानातल्या नाथाजीमामांनी परवा बांधावर उंदरांचं औषध टाकलं होतं. ते अण्णांना सकाळी कळलं. विहिरीवर चारजण असताना अण्णा ओरडले, "तुमीच मारलंसा माझ्या टिकलीला!"

मामा रिटायर हवालदार. कधी आवाज चढवत नाहीत. "आवं महावीरराव, माझ्या हातावर खाल्लंय तिनं. मी मारीन व्हय तिला?"

खरंय. "सावधान" म्हटलं की पुढचा पंजा कपाळाला लावायला तिला मामांनीच शिकवलं. कपाळावरच्या त्या पांढऱ्या ठिपक्याला बरोबर लागायचा पंजा.

मी तिथंच होते, कळशी घेऊन. तोंड उघडलं असतं तर तिथंच मिटलं असतं सगळं. नाही उघडलं.

६ ऑगस्ट, बुधवार

पुण्याहून माणूस आला, डबा घेऊन गेला. आईनं फ्रिज तीनदा धुतला.

११ ऑगस्ट, सोमवार

मधल्या सुट्टीत मशीनसमोर उभी राहिले. बी-सात पुन्हा भरलंय. पाचवीतल्या दोघी टाचा उंच करून तेच बटण दाबत होत्या. एकीला विचारलं, घरी कुत्रं आहे का गं? "मांजर हाय," म्हणाली आणि मी खुळी असल्यासारखी बघत निघून गेली.

मशीनच्या कार्डाचा फॉर्म अण्णांनीच भरला होता जूनमध्ये. सही केली, मोबाइल नंबर लिहिला आणि म्हणाले, "भलतंसलतं खाऊ नगंस." जुलैत एकदा सहज विचारलं होतं, "वेफर्स लय आवडत्यात व्हय गं तुला?" माझी बोबडी वळली होती. तोंडाला वास आला असणार. पण पुढं काही बोलले नाहीत.

जेवणाचा डबा आजही तसाच परत आणला.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंड्याला नाथाजीमामा नव्हते. दरवर्षी कडक इस्त्रीचा शर्ट, छातीवर मेडल, आणि "सावधान!" असं ओरडायचे की पहिलीतली पोरं दचकायची. या वर्षी पीटीच्या सरांनी आवरलं कसंतरी.

अण्णांनी तक्रार दिलीय. काल मामांना चौकीत बोलावलं होतं. दुपारी दोन ते सहा बाकावर बसवून ठेवलं, चोरांच्या शेजारी. शाळेत ऐकलेलं हे मी घरी येऊन सांगितलं. आज्जा म्हणाले, "महावीर, मानूस बघून तर बोलावं." अण्णा ताटावरून उठून गेले.

मामा मला रस्त्यात भेटले. मी खाली मान घालून चालले होते. "काय गं पिऊ पोरी, वाळलीस लय. जेवत जा." एवढंच. त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं!

२० ऑगस्ट, बुधवार

पेशी जगल्या. अतिशयकाकांचा फोन आला. आता दुसऱ्या कुत्रीच्या पोटात वाढवणार, सगळं नीट झालं तर पुढच्या उन्हाळ्यात टिकली घरी!

अण्णा धावत माझ्याकडं आले. आईकडं नाही, आज्जांकडं नाही, माझ्याकडं. "आता तरी जेव की गं. येणार हाय ती. हुबेहूब तीच."

आज्जा ओसरीवरून बोलले, "जीव गेला फुडच्या गतीला. कानाच्या तुकड्यात काय ऱ्हातंय? नुस्ता आकार यील. आन त्यापायी आनी किती कुत्र्यांस्नी त्रास, ते कोन बघतंय?"

काका म्हणाले म्हणे, ठिपका येईलच असं नाही. रंग कधीकधी बदलतो. म्हणजे कपाळ कोरं असलेली टिकली. मामांची सलामी न येणारी. ती दारातून आत येणार आणि पहिली माझा हात हुंगणार. मला दोनदा स्वप्न पडलंय हे. हुंगते आणि मागं सरते.

२८ ऑगस्ट, गुरुवार

दशलक्षण पर्व सुरू झालं. दहा दिवस, रोजचा एक गुण; पहिला दिवस उत्तम क्षमा. मंदिरात अण्णा शेजारीच बसले होते. त्यांनी पूर्ण वेळ डोळे मिटलेले. मी चोरून बघत होते. त्यांच्याही पापण्या हलत होत्या.

१ सप्टेंबर, सोमवार

आज पाचवा दिवस, उत्तम सत्य. पोट दुखतंय सांगून घरी राहिले.

४ सप्टेंबर, गुरुवार

मामांच्या घरी दूध घालणाऱ्या अर्जुनानं घालणं बंद केलं. "कुत्र्याला इख घालणारा मानसालाबी घालंल," असं कुणीतरी म्हणालं म्हणे. अर्जुना आमच्या दारात हे हसत सांगत होता. अण्णांनी त्याला हाकलूनच दिलं. का, ते मला कळलं नाही. खरं तर त्यांना बरं वाटायला पाहिजे होतं.

७ सप्टेंबर, रविवार

उद्या क्षमावाणी. घरातले एकमेकांची क्षमा मागतात, मग शेजारी, मग ज्यांच्याशी बोलणं तुटलंय ते. दरवर्षी आम्ही पोरी हसत हसत उरकतो – "कळत-नकळत चुकलं असंल तर क्षमा कर गं" – आणि लगेच पुन्हा भांडतो.

दरवर्षी अण्णा मामांकडंही जातात. मामा जैन नाहीत, तरी दोन्ही हात जोडून म्हणतात, "मलाबी माफ करा, राव," आणि चहा पाजतात. यंदा अण्णा जाणार नाहीत. मी जाणार.

पाठ करून ठेवलंय. मामा, तुमचं औषध नव्हतं. गोळ्या माझ्या होत्या. गोठ्यात मी ठेवल्या. मी विहिरीवर गप्प बसले. चार वाक्यं. आरशासमोर म्हणून बघितली, तिसऱ्याला रडू येतं. मामांची भीती नाही वाटत. त्यांच्यानंतर अण्णांना सांगायचंय, त्याची वाटते. एवढं रडले ते तिच्यासाठी. परत माझ्याकडं बघतील का?

८ सप्टेंबर, सोमवार

मंदिरातून परस्पर मामांकडं गेले. दारात अण्णांच्या चपला.

अण्णा आत हात जोडून उभे होते, माझ्याकडं पाठ. "औषध तुमचं न्हवतं, नाथाजीराव. पोरगी शाळंच्या मशीनमधनं काय घेती, त्याचा मेसेज मला येतोय, पहिल्या दिवसापासनं. त्या गोळ्यांचाबी आला हुता. टिकली गेल्यावर दोन दिसांनी, मंगळवारी, डॉक्टरीणबाईंनी इचारलं, घरात बिनसाखरंचं काय हाय का, तवाच समजलं. पर तोवर चारचौघांत तुमाला बोलून, तक्रारबी देऊन बसलो हुतो. मागं घ्यायचं तर पोरीचं नाव घ्यावं लागलं असतं. तिला कळू द्यायचं न्हवतं. म्हणून तुमाला बाकावर बसवलं."

मामांनी त्यांच्या खांद्यावरून मला बघितलं.

पाठ केलेली चारही वाक्यं गेली. तोंडातून एवढंच आलं, "अण्णा, दुसरी टिकली नको."

अण्णा वळले. मी सगळं ऐकलंय हे कळून घाबरले. मी नाही – अण्णा!