कंपनी तं वाचली

बाबा, आज तुमच्याशी मिलबद्दल बोलायचं आहे. तुम्ही होतात तोवर मी कधी विचारलं नाही. एकदाच बोलले, आणि ते विचारणं नव्हतं.

अकोल्याची मिल बंद पडायला आली तेव्हा मी दहावीत होते. सरकारनं मिल वाचवावी म्हणून कामगारांचं निवेदन निघालं, नागपूरला मोर्चा ठरला, सगळ्यांनी सह्या केल्या. तुम्ही तिथले जुने फिटर, आणि तुम्हीच सही केली नाही. तुमच्याच पाळीवरचे शेजारचे काका निवेदन घेऊन थेट स्वयंपाकघरात आले. आई भाकरी थापते आहे, काका बसायलाही तयार नाहीत, आणि तुम्ही म्हणता, "मालकानं मशिनी झिजू देल्या, एक नवी आनली नाई. आता वाचवा म्हन्ता, तं कोनाले? त्यालेच ना? आपलं काम राहीन, असं यात एक अक्षर दाखव मले." काका चिडले. "मिल राहीन तं आपन राहू. येवढंही तुले समजून नाई राहिलं?"

सरकारनं मिल ताब्यात घेतली नाही, ती बंद पडली. तुमच्या एका सहीनं काही बदललं नसतं, हे आज कळतं. पण काका कामासाठी सुरतेला निघाले त्या दिवशी काकू आईच्या गळ्यात पडून रडत होत्या, आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "बाबा, हे तुमच्यामुळे झालं." तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चपला घातल्या आणि बाहेर गेलात.

तुम्ही वारल्यानंतर मला उद्योग खात्यात नोकरी लागली. आता मी अमरावतीला असते. मागच्या वर्षी इथल्या एमआयडीसीतली कपड्यांची एक मोठी कंपनी बुडायला आली आणि तिनं सरकारकडे मदत मागितली. पाहणी करून अभिप्राय लिहायचं काम माझ्याकडे आलं. दोन दिवस मी आत फिरले. शिलाईच्या लायनीत सगळ्या बायाच. एकीनं मशीन न थांबवता मला म्हटलं, "मॅडम, तुमी लिवान तसं होते म्हन्तात. आमच्याकडं पाहून लिवा."

मी लिहिलं की मदत द्यावी, पण एकाही माणसाला कामावरून काढायचं नाही या अटीवर. ते लिहिताना तुमचं ते 'एक अक्षर' माझ्या मनात होतं. वरून मसुदा परत आला तेव्हा अट गायब होती. साहेबांना विचारलं तर ते शांतपणे म्हणाले, "अट घातली तर कंपनी मदत नाकारेल आणि कुलूप लावेल. मग त्या बायांना काय सांगाल?" मी सही केली. त्या बायांसाठी केली, असं मी आजवर सांगत आले. खरं म्हणजे तुम्हाला मी जे ऐकवलं होतं ते मला कोणी ऐकवू नये, एवढीच धडपड होती.

मदत मिळाली, पेढे वाटले गेले. वर्षाच्या आतच शिलाईची पूर्ण लाइन दुसऱ्या राज्यात हलवली, त्या बायांचं काम गेलं. गेल्या महिन्यात ऑफिसातून परतताना तीच बाई दिसली, हातगाडीवर संत्री विकत होती. मी मान खाली घालून पुढे जाणार तोच तिनं हाक मारली. म्हणाली, "मॅडम, कंपनी तं वाचली." रागानं नाही, मला माहीत नसेल म्हणून बातमी सांगावी, तसं.

तरीही तुमचं बरोबर होतं असं मला ठामपणे म्हणता येत नाही, बाबा. मदत दिली नसती तर कंपनीच्या बाकीच्या विभागांत उरलेली माणसंही घरीच बसली असती, आणि आज ती रोज डबा घेऊन तिथे जातात. काकाही चुकीचे नव्हते. पण वाचवायचं तर कोणाला, हे तुम्ही विचारलंत आणि त्यासाठी शिव्या खाल्ल्या. मला ते लिहिता आलं होतं, आणि मी ते खोडू दिलं.

हे लिहिलेलं घरात कोणाला वाचून दाखवणार नाही. हल्ली मी दुसऱ्या रस्त्यानं घरी येते. तो बराच लांब पडतो. उशीर का झाला विचारलं, तर सांगते की नेहमीच्या रस्त्याचं काम सुरू आहे.