मथुराआत्याचा चारचा फोन

६ एप्रिल २०२५, सकाळी ७.१०
संकल्प. घरची चित्पावनी बोली मी एकहाती वाचवणार. आमच्यात ती उरलीय दोघींच्याच तोंडी. माझ्याकडे राहणारी आनंदीआत्या, वय ८४, आणि मुरुडची तिची धाकटी बहीण मथुराआत्या, वय ८१. रोज चारला दोघींचा फोन, पावणेपाचपर्यंत. माझ्या यादीत आजवर २,३१७ शब्द. कुठलीही पदवी नसताना. नोंद असावी.

९ एप्रिल
वैदेही म्हणते, अहो, मोबाइलवर करा की रेकॉर्ड. बायकोला काय कळणार? पंख्याची घरघर येते. ऑनलाइन माइक मागवला.

१० एप्रिल, ४.५०
आज दोघी आमसुलांवरून भांडल्या, मग खो खो हसल्या. पाऊण तास अस्सल माल फुकट गेला! रोज सगळं बोलून टाकलं तर माइक आल्यावर बोलणार काय? निर्णय : तोवर फोन बंद. आंबे अढीत घालतो तसे विषय साठवायचे. आत्या म्हणाली, दत्तू, अढीसुद्धा रोज उलथून बघायची असते रे, नाहीतर आंबा कुजतो. हे मराठीत. माझ्याशी ती बोलीत बोलतच नाही. कारण शोधायला हवं.

१५ एप्रिल
माइक आला. वायर चुकीची. परत पाठवला. चारला आत्या सवयीने फोनजवळच्या खुर्चीत बसली. मी मानेनंच नाही म्हटलं. उठली. शिस्त अंगवळणी पडतेय.

१८ एप्रिल
मथुराआत्यानेच फोन केला. मी घेतला. म्हणाली, मेल्या, बहिणीला दे. मी संशोधनाची शिस्त समजावली. म्हणाली, तुझ्या संशोधनाला सांग, मी एक्याऐंशीची आहे. विनोदी बाई. पण बोलली मराठीतच, त्यामुळे नोंदण्यासारखं काही नाही.

२४ एप्रिल
दुसरा माइक. उत्कृष्ट. प्रश्नावली तयार, १४० प्रश्न. भिंतींना गोधड्या लावल्या. उद्या चारला.

२५ एप्रिल
चारला मुरुडला फोन जोडला. पलीकडून उचलल्याबरोबर आनंदीआत्या सुरूच झाली, बोलीत, भरभर. पंधरा दिवसांचं साठलेलं. मग मध्येच थांबली.
फोन मथुराआत्याच्या नातवाने, दर्शनने, उचलला होता. आजी दुपारी अंगणात पडली. दवाखान्यात न्यायच्या आधीच गेली.
माइक चालू राहिला.

८ मे
काल मुरुडला तेरावा झाला. आज आत्याला माइकसमोर बसवलं. प्रश्न क्रमांक एक. म्हटलं, आत्या, बोलीत बोल ना. म्हणाली, कोणाशी रे?
तपासलं. बोलीचं एकूण ध्वनिमुद्रण : अकरा सेकंद. शेवटी एक प्रश्न, बहिणीला विचारलेला. मागे पंखा नाही. आवाज अत्यंत स्वच्छ.

९ मे, ४.१५
चारला आत्या पुन्हा त्या खुर्चीत. मला राहवेना. आतल्या खोलीत जाऊन मोबाइलवरून घरचाच नंबर लावला. तिने उचलला. मी म्हटलं, आत्या, मी. तिने मला बोलीत विचारलं, जेवलास का. आयुष्यात पहिल्यांदा.
उत्तराला लागणारे सगळे शब्द यादीत आहेत, क्रमांकासकट. एकही तोंडात येईना. ती थांबून राहिली. शेवटी मी हो म्हटलं, मराठीत.
ती म्हणाली, ठेव हो दत्तू. चहा निवतोय.
हेही मराठीत.