राजीनाम्याचा कागद

४ मे
गच्चीवरच्या टाकीला आता दोन पार्ट्यांचे दोन झेंडे. एक ह्यांचा, एक समोरच्या दारातल्या सतबीरचा. टाकी एकच, दोन्ही घरात तेच गढूळ पाणी. बारा वर्षं दोघं एका स्कूटरवर ऑफिसला गेले. आता हे बसला लटकतात. सरकारी शिपायाला झेंडा लावता येत नाही, मी बोलले तर म्हणे तुला काय कळतं. चौथी पास. नाहीच कळत.

९ मे
कोपऱ्यावरच्या वाण्याकडून आटा आणायचा नाही, हुकूम. का, तर तो त्यांच्या पार्टीचा. दुसरं दुकान रेल्वे फाटकापलीकडे. उन्हात जाते मी, हे नाही. आट्यात किडे निघाले. चाळला आणि वाढली पोळी. खा म्हटलं, आपल्या पार्टीचे आहेत.
सतबीरची बायको संतोष गच्चीवर दिसली. माझे कपडे तिच्या दोरीवर वाळत होते, ते तिने काढून कट्ट्यावर ठेवले. घड्या घालून ठेवले पण.

१३ मे
व्हायचं ते झालं. लू सुटली होती, त्या गरम वाऱ्याने सतबीरच्या झेंड्याची काठी मोडली. तो जिन्यात ओरडला, "तूने तोड़ी सै!" हे म्हणाले, "तोड़ी तो तोड़ी!" तोडली नव्हती. दाढी करत होते, अर्ध्या गालाला फेस. मला माहीत आहे ना. पण मान खाली घालतील तर शपथ. ढकलाढकली. सतबीर सात पायऱ्या खाली. उजवा हात मोडला.

१५ मे
सतबीरने ठाण्यात अर्ज दिला. केस पक्की झाली की ऑफिसला कागद जाणार, मग सस्पेंड. रिटायर व्हायला दीड वर्ष राहिलंय. पेन्शन लटकली तर खायचं काय, झेंडा?
हे फोनवर पार्टीवाल्यांशी तावातावाने बोलतात. त्यातला एकही घरी आला नाही.

१६ मे
संतोष आली. एकटी. हातात कागद. "मंगल, भाईसाब से राजीनामा करवा दे. बात खतम."
माझं डोकंच फिरलं. अठ्ठावीस वर्षांची नोकरी, आणि ही राजीनामा मागते! कागद घेतला आणि फाडला. म्हटलं, "तेरे आदमी का दूसरा हाथ भी टूटे." तिने तुकडे वेचले आणि गेली.

पल्लवी कॉलेजातून आली. उंबऱ्याशी एक तुकडा राहिला होता, तो वाचून कपाळावर हात मारला. "आई, काय केलंस यार! इथे हिंदी मुलखात राजीनामा म्हणजे समझौता. दोघं सही करतात, केस मागे. नोकरी सोडतात तो इस्तीफा. इतकी वर्षं झाली ना तुला इथे!"
तुकड्यावर सतबीरची सही होती. डाव्या हाताने केलेली. वाकडी.


१७ मे
गेले तिच्या दारात. आत त्यांच्या पार्टीचे सात-आठ जण, कूलर लावून. सतबीर मधे बसलेला, त्याच्या प्लास्टरचे फोटो काढत होते. संतोषने दार अर्धंच उघडलं. हात जोडले मी. कुणाला जोडले नव्हते आजवर. आमच्यात राजीनामा म्हणजे काय ते सांगितलं. तिला हसू आलं, मग डोळे पुसले. "अब म्हारे हाथ में ना रहा."
आतून एक मिशीवाला म्हणाला, "हो जाएगा राजीनामा. पहले तेरा आदमी चौक में हमारा पटका डाले. सबके सामने."
पटका म्हणजे त्यांच्या पार्टीचं गळ्यातलं उपरणं. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "गळा कापून देईन, पटका घालणार नाही."
म्हटलं, गळा तुमचा. पेन्शन माझीपण आहे.

१८ मे
पल्लवी म्हणते, पटका घातलेला फोटो निघाला तर ऑफिसवाले त्यावरूनच काढतील. म्हणजे घातला तरी मेलो, नाही घातला तरी मेलो. ह्यांच्या पार्टीवाल्याचा फोन आला, "झुकना नहीं भाई." त्याला काय जातं.
सतबीर जिन्यात भेटला. वर चढत होता, एका हाताने कठडा धरून. मी बाजूला झाले. तोही झाला. दोघं तसेच उभे.

१९ मे
मिशीवाल्याने आज अकराला चौकात बोलावलंय. ह्यांनी अजून हो म्हटलेलं नाही.
दुधाच्या वेळी संतोष आली, पेपरात गुंडाळलेला पटका दिला. "धो के लाई हूँ. किसी का पसीना लगा था."
विचारलं, तू काय केलं असतंस?
"मेरे से कौन पूछै सै."
हे आंघोळीला गेलेत. इस्त्रीचा शर्ट खाटेवर काढून ठेवलाय. पटका आधी शर्टाखाली ठेवला. मग काढला, वर ठेवला.
पाणी पडायचा आवाज थांबला.