सपरीतल्या भिंती

बाबा, तुम्ही गेल्यावर तुमच्या सपरीत मी भिंती घातल्या. सिंदेवाहीच्या घराची ती समोरची लांब, मोकळी सपरी, जिच्यात दवाखान्यासाठी, परीक्षेसाठी, कोर्टकचेरीसाठी खेड्यांतून आलेली माणसं रांगेनं निजायची, तिच्या आता लहान लहान खोल्या झाल्या आहेत. प्रत्येकीला ओटा, न्हाणी आणि स्वतःची कडी. गल्लीभर हेच चाललं आहे. मुलं नागपूर-पुण्याला गेली, मोठी घरं ओस पडली, आणि भाड्यानं मागायला येणारं माणूस बहुधा एकटंच असतं: कंत्राटावरची नर्स, बँकेतला नवा कारकून, भरतीचा अभ्यास करणारं पोरगं. चार खोल्यांचं घर कुणालाच नको. विटा रचता रचता मिस्त्री मला म्हणाला, "बाई, भाषणात भिंती पाडा म्हणता, अन् घरी बांधून राह्यल्या!" मंचावर मला कधी उत्तर कमी पडलं नाही. त्याच्या हातात मी पुढची वीट दिली.

मी लहान आहे, तुम्ही सरकारी धानाच्या फार्मवर मजूर आहात, आणि आपण खोली शोधतो आहोत. सायकलच्या कॅरिअरवर पेटी, दांड्यावर मी. घरमालकीण आधी हसते, मग आडनाव विचारते, मग तिला आठवतं की खोली कालच दिली. पुढच्या घरीही तसंच. तुम्ही पेटीची दोरी तेवढी पुन्हा आवळता. पुढं स्वतःचं घर बांधलंत तेव्हा निम्मी जागा सपरीला दिलीत ती त्या दोरीमुळं, हे मला फार उशिरा कळलं. एकदा तिथं उतरलेल्या एका मुलीला मी आडनाव विचारलं. तुम्ही मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलंत. आई चुलीवरून भात उतरवत होती. "तिले निजाले जागा पायजे होती, का तुले उत्तर?" एवढंच बोललात, तेही हळू. त्या वाक्यावर मी पुढं सभा गाजवल्या. छप्पर स्वतःचं नसेल तर माणसाचा कणा ताठ राहत नाही, हे मी त्याला माझ्या पदरचं जोडलं, आणि टाळ्या त्यालाच जास्त पडायच्या.

पहिली भाडेकरू आली ती सरकारी दवाखान्यातली नर्स, एटापल्लीकडची. आधी ज्यांनी तिला खोली नाकारली होती त्यांनी आडनाव विचारलं होतं, मटण खाता का विचारलं होतं, कोण येतं-जातं तेही विचारलं होतं. मी काहीच विचारेना, तेव्हा तीच दचकली. "मॅडम, तुम्ही काऊन काहीच विचारत नाई?" मी म्हटलं, त्याच भाड्यात आतली मोठी खोली घे. तर म्हणाली, "नको. घरी आम्ही सारे एका खोलीत, होस्टेलात चौघी. पहिल्यांदा एकटीची कडी भेटून राह्यली. लहानच बरी, झाडाले-पुसाले सोपी." पुढं स्वतःचं घर घेशील ना, असं मी विचारलं. ती हसली. "बदली झाली का जाईन. घर काय पाठीवर घेऊन फिरू?" तिचा कणा मी नीट पाहिला, बाबा. चांगला ताठ होता. तुम्हाला सन्मान मोकळ्या जागेत दिसला, तिला तो आतून लावता येणाऱ्या कडीत दिसतो, आणि माझं टाळ्यांचं वाक्य दोघांच्या मध्ये लटकत राहिलं.

पण खोल्या लहान झाल्या म्हणून आडनाव न विचारण्याचा तुमचा नियम लहान होऊ द्यायचा नव्हता. भाच्यानं करारनामा आणला, तेव्हा तिच्या नावाच्या ओळीवर तळहात ठेवून मी सही केली. भाचा ओरडला, "मावशी, साऱ्या जिल्ह्याले सांगत फिरते वाचल्याबिगर सही करू नका म्हणून!" कागद त्यालाच ठेवायला दिला.

हे पत्रही कुठं टाकायचं नाही. टाकलं तरी तुमच्या सपरीत आता ती नर्सच राहते. तिचं आडनाव मला अजून माहीत नाही. ती दोरीवर कपडे वाळत घालते, मी दारात बसून बघते, इकडचं तिकडचं बोलते. आणि बाबा, तुम्हालाच सांगते, रोज एकदा तरी तो प्रश्न माझ्या ओठांवर येतो.