थोरलीचं मशीन

ता. ९, शनिवार

दादास,

तुझ्या बहिणीचा नमस्कार. तू आणि वहिनी बरे असाल. आम्ही आहोत. पाचवी शिकलेलीचं पत्र आहे, अक्षराला हसू नकोस. फोनवर बोलायला गेलं की भलतंच बोलून ठेवून देते, म्हणून लिहिते.

बाळाचं वजन वाढलंय. पाजताना ती माझं बोट असं घट्ट धरते की सोडवता सुटत नाही. ह्यांची कारखान्यातली पाळी बदलली, आता दुपारी घरी असतात, ते एक बरं झालं. वरच्या मजल्यावरच्या काकू बरेच दिवस बाहेर होत्या. काल जिन्यात भेटल्या. "काय गं, जुळ्या बऱ्या ना? हल्ली आवाज नाही येत." त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी म्हटलं, "बरी आहे." एवढंच. मग त्यांचं त्यांनाच कळलं, पिशवी तिथेच ठेवून बसल्या बिचाऱ्या पायरीवर.

बाळाच्या श्वासावर लक्ष ठेवायचं मशीन तेच आहे अजून. वेळेआधी झालेल्या बाळांना हॉस्पिटल जुनीच देतं, नवीन त्यांच्याकडे नाहीत. आठवतं, दोघींच्या छातीला पट्टे लावून ती दोन मशीनं घरी आणली, तेव्हा तू बघायला आला होतास? "अगं, हे तर आमच्याच कंपनीचं! ह्याच्या आतलं सॉफ्टवेअर माझ्याच हाताखाली आहे. बघ, मामा आधीच पाळण्यात जाऊन बसलाय!" किती हसलो होतो आपण. मला केवढा धीर आला होता. श्वास अडला की मशीन वाजणार, आणि ते वाजवणारा माझा दादा.

तेव्हाच तू सांगितलं होतंस, "ह्याला एक छोटी खोड आहे. लाइट जाऊन आली की आवाज आपोआप अगदी बारीक होतो. बटण दाबून वाढवायचा, विसरू नकोस."

मी विचारलं, "मग नीट का नाही करत?"

"नव्यात केलंय. तीच दुरुस्ती जुन्यात बसवायची तर धोका असतो. हे इतकी वर्षं न कुरकुरता चाललंय. इथे टाका घालायला जावं आणि तिकडे उसवावं, असं होतं. जुन्याला हात लावायचा तो जिवावरचं असेल तरच."

मला पटलं होतं दादा. खरंच पटलं होतं. चालत्या गाड्याला खीळ कशाला घाला?

परवा वहिनीचा फोन आला. म्हणाली, "तुझा दादा जेवत नाही. सोमवारी मीटिंग आहे, ती दुरुस्ती जुन्या मशीनमध्ये घालायची का नाही याची. मागच्या वेळी त्यानेच त्या दुरुस्तीपुढे 'किरकोळ' लिहिलं होतं. आता घालू म्हणतो, तर बाकीचे म्हणतात, कुठल्या घरातून तक्रार आलीय का? तक्रार नाही तोवर ते किरकोळच."

तक्रार आलेली नाही, कारण ती माझ्यापाशी आहे.

थोरली गेली तेव्हा तू मला बाजूला घेऊन विचारलंस, "मशीन वाजलं होतं का गं?" मी म्हटलं, "मला काही कळलं नाही." डॉक्टरांनाही तेच सांगितलं. हे म्हणाले होते, "दादाला सांगू नकोस. तो जन्मभर त्यातून उठणार नाही." म्हणून गप्प बसले.

वाजत होतं, दादा.

मी स्वयंपाकघरात बाटल्या उकळत होते. धाकटी खांद्यावर रडत होती. खोलीचं दार उघडंच होतं. दिवसाउजेडी दिवा लावलेला नव्हता, पंखा बंद होता. लाइट जाऊन आली ते कळायला काही नव्हतंच. शेजारच्यांनी नंतर सांगितलं, क्षणभर गेली होती. मी खोलीत आले तर लाल दिवा लुकलुकत होता आणि मशीन वाजत होतं, हातातलं घड्याळ वाजावं एवढं. पाळण्यावर वाकले तेव्हा कुठे ऐकू आलं. किती वेळ वाजत होतं कुणाला ठाऊक. तिचे ओठ

नाही लिहवत.

राग येतो तुझा. खोटं कशाला बोलू. मग तिला पहिल्यांदा हातात घेताना तू कसा घामाघूम झाला होतास ते आठवतं, आणि तो राग कुठे ठेवावा तेच कळत नाही.

आता मला दोन्हीकडून भीती वाटते. आहे तसं राहिलं तर दिवसभर ते बटण दाबत बसायचं. बदललं आणि दुसरीकडे कुठे उसवलं तर? धाकटी त्याच मशीनवर झोपते. एकदा दुधाने तोंड पोळलंय, आता ताकसुद्धा फुंकून प्यावंसं वाटतं. ह्यांनी विचारलं, "मग तुझं म्हणणं तरी काय? घालू दे की नको?"

मी म्हटलं, "घालू दे. पण हिच्या मशीनवर आधी नाही."

वहिनी म्हणाली, ऑफिसात जुनं मशीन एकही उरलं नाही, बसवून बघायचं तर कशात, म्हणून लोक नको म्हणतात.

तर थोरलीचं मशीन पाठवते. हॉस्पिटलातल्या नर्सबाईंना विचारलंय, त्या जाऊ दे म्हणाल्या. उद्या हे घेऊन येतील. ते आता रिकामंच आहे. त्याचा पट्टा मी धुतलेला नाही. तेवढा काढून ह्यांच्याजवळ परत दे, बाकीचं काय करायचं ते कर. दुरुस्ती त्यात बसव. लाइट घालव, परत आण, पुन्हा घालव. शेजारच्या खोलीत जाऊन ऐक. नळ सोडून ऐक. एखादं मूल रडत असताना ऐक. तिथवर आवाज आला, की मग धाकटीच्या मशीनला हात लाव, आणि बाकीच्या घरांतल्यांनाही.

सोमवारी हे पत्र तक्रार म्हणून त्यांच्यापुढे ठेव. वहिनीने सांगितलेलं झाकायचं असेल तर झाक. थोरलीचं झाकू नकोस.

धाकटी झोपलीय. माझा एक हात तिच्या छातीवर आहे.

तुझी बहीण,
दोन मुलींची आई