दोन खाचरं, एक बांध

बुधवार, संध्याकाळ

दोन्ही बाळांभोवती पाणी पुरेसं आहे. आधी हेच लिहिते, बाकी नंतर.

मागच्या सोनोग्राफीत एकाभोवती पाणी कमी निघालं होतं. तेव्हापासून मला घास उतरत नव्हता. आणि सासूबाई? रोज उठून शेतावर. त्यावर एक शब्द नाही. वाटायचं, यांना भाताचंच पडलंय.

आज महाडला पुन्हा सोनोग्राफीला त्याच सोबत आल्या. डॉक्टरीणबाईंनी स्क्रीनवर दोन बाळांमधला पातळ पडदा दाखवला, तशा सासूबाई एकदम म्हणाल्या, "ह्यो बांध जरा फोडा ना बाय. भरल्या खाचरातलं पाणी दुसऱ्यात जाईल. रोज शेतात माझ्या डोक्यात ह्योच हाय."

मला हसू आलं. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "हा बांध फोडायचा नसतो, मावशी. आणि आता गरजही नाय." दोन्हीकडचं पाणी मोजून त्यांनी सासूबाईंना बोटांनी दाखवलं. इकडे तीन बोटं, तिकडेही तीन.

रोज शेतात हेच डोक्यात! आणि मी काय काय समजत होते.

परतताना जीप पोलादपूरला आली. मी खाली बघितलं, तर सासूबाईंच्या मांडीवरच्या हाताची तीन बोटं अजून तशीच जुळवलेली.