जोंधळ्यावरचं रीळ

देगलूर, मंगळवार, दिवेलागण

दादाचा ओठ फोडला मी आज, रिळाच्या पत्र्याच्या डब्यानं.

गावातली तंबू टॉकीज बंद पडली तेव्हा हातापाया पडून मिळवलेलं जुन्या पिक्चरचं रीळ. तीस वर्षं जिवापाड जपलं. आज शेतात गेलो तर तेच जोंधळ्यावर ताणलेलं, पाखरं भ्यावीत म्हणून. उन्हात चमकून राहिलं होतं. खुंटावर हिरोच्या तोंडातून खिळा ठोकलेला.

दादा म्हणाला, "आरं, आधी बांधलेली कॅसेटची पट्टी तुटली. हे नुसतं पडूनच होतं की डब्यात."

बांधावरचा रिकामा डबा उचलला आन् हाणला. मग दुसऱ्यांदा हाणला. दुसऱ्यांदा कशाला? बंडी रक्तानं भिजली त्याची, तरी माझ्या शिव्या चालूच.

लहानपणी तंबूतून आलो की आम्ही फायटिंग खेळायचो. दादा अंगानं माझ्या दुप्पट, तरी कायम व्हिलन तोच. मी हिरो ठरावा म्हणून पहिल्याच बुक्कीला मुद्दाम आडवा व्हायचा.

आजही त्यानं हात उचलला न्हाई. पहिल्याच फटक्याला पडला, पण खरा पडला.

दुसरा फटका मी पडलेल्या माणसाला हाणला.